अंतरावरचा शिक्षक : दूरशिक्षणातील मार्गदर्शनाच्या व्यवसायाची प्रस्तावना

दूरशिक्षणात शिकवण्याचे काम करू इच्छिणाऱ्यांच्या मनात या व्यवसायाचे जे चित्र असते, ते बहुधा वर्गातल्या व्याख्यानाचेच असते. फळ्याच्या जागी संगणकाचा पडदा आला, बाकांच्या जागी नावांच्या चौकटी आल्या आणि बाकी सारे तसेच राहिले, अशी त्यामागची समजूत असते. ही समजूत दूर करणे हा प्रस्तुत पुस्तकाचा पहिला हेतू आहे. दूरशिक्षण टपालाने चालो वा इंटरनेटवरून, त्यात विषय समजावून सांगण्याचा मोठा भार आधीच तयार करून ठेवलेल्या पाठ्यसामग्रीने उचललेला असतो. तिच्यापलीकडे जे उरते, म्हणजे एका विशिष्ट विद्यार्थ्याने लिहिलेले लक्षपूर्वक वाचणे, त्याचे नेमके कुठे अडले आहे ते ओळखणे आणि तो अभ्यास सोडून देण्याच्या बेतात असताना त्याच्यापर्यंत पोचणे, ते मार्गदर्शकाच्या वाट्याला येते. या कामाला चांगल्या वक्त्यापेक्षा चांगला वाचक अधिक लागतो, आणि म्हणूनच नव्याने या क्षेत्रात येणाऱ्याने कॅमेऱ्यासमोर बोलण्याचा सराव करण्याआधी अभिप्राय लिहिण्याचा सराव करावा, असा या पुस्तकाचा आग्रह आहे.

हा आग्रह नवा नाही. या व्यवसायाच्या उगमातच तो सापडतो. १८४० साली ब्रिटनमध्ये एका पेनीत देशभर कुठेही पत्र पाठवण्याची सोय झाली आणि स्वतःची लघुलिपी तयार करणारे आयझॅक पिटमन यांनी तिचा उपयोग शिकवण्यासाठी केला. विद्यार्थ्याने नेमून दिलेला मजकूर लघुलिपीत उतरवून टपालाने पाठवायचा आणि तो तपासून, चुका दाखवून परत धाडायचा, अशी ही पद्धत होती. लघुलिपीची पुस्तके तेव्हाही विकत मिळत होती, तेव्हा पिटमन यांच्या विद्यार्थ्यांना मिळणारी अधिकची गोष्ट म्हणजे तपासून परत आलेला कागद, हे लक्षात घेतले पाहिजे. याच्या उलट टोकाचे उदाहरण लंडन विद्यापीठाचे आहे. त्या विद्यापीठाने १८५८ पासून आपल्या परीक्षा बाहेरच्या विद्यार्थ्यांना खुल्या केल्या, त्यामुळे कुठेही राहून, कसाही अभ्यास करून पदवी मिळवणे शक्य झाले. परंतु त्या व्यवस्थेत विद्यापीठाकडून परीक्षा मिळत होती, शिक्षक मिळत नव्हता. बहिःस्थ विद्यार्थी ही जी कल्पना महाराष्ट्रातील अनेक पिढ्यांच्या परिचयाची आहे, ती या दुसऱ्या परंपरेतली. फॉर्म भरायचा, बाजारातली मार्गदर्शक पुस्तके आणायची आणि परीक्षेला बसायचे, एवढ्यावर असंख्य लोकांनी पदव्या मिळवल्या. पण त्या त्यांच्या जिद्दीचे फळ होत्या, कोणाच्या शिकवण्याचे नव्हेत.

या दोन परंपरांमधली दरी बुजवण्याचा मोठा संस्थात्मक प्रयत्न ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने केला. १९६९ साली सनद मिळालेल्या आणि १९७१ च्या जानेवारीत पहिले विद्यार्थी घेतलेल्या या विद्यापीठाची ख्याती दूरचित्रवाणीवरील पाठांमुळे पसरली, आणि भारतातही त्याची आठवण त्याच कारणाने काढली जाते. प्रत्यक्षात त्या विद्यापीठाचा कणा वेगळाच होता. देशभर पसरलेले अंशकालीन मार्गदर्शक, प्रत्येकाकडे सोपवलेली विद्यार्थ्यांची एक लहान तुकडी आणि त्या तुकडीने ठरावीक मुदतीत लिहून पाठवायचे स्वाध्याय, यांवर तिथला अभ्यास उभा होता. प्रत्येक स्वाध्यायासोबत एक छापील पत्रक जात असे. मार्गदर्शकाने त्यावर गुण तर लिहायचेच, शिवाय त्या विद्यार्थ्याने पुढच्या वेळी काय करावे हेही लिहायचे, आणि तपासलेल्या स्वाध्यायांपैकी काहींवर विद्यापीठातील वरिष्ठ अध्यापक पुन्हा नजर टाकून मार्गदर्शकाचे गुणदान व अभिप्राय कसे आहेत ते त्याला कळवीत. शिकवणाऱ्याच्या लेखी अभिप्रायाचीच तपासणी व्हावी, ही गोष्ट भारतीय वाचकाला अपरिचित वाटेल. मात्र या व्यवसायाला शिस्त आली ती अशाच बारीकसारीक व्यवस्थांमधून.

भारतात दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा शिक्षण सुरू केले, मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्ये तशी सोय केली, आणि नंतर स्वतंत्र मुक्त विद्यापीठांचा काळ आला : १९८२ साली हैदराबादला आंध्र प्रदेशचे, १९८५ साली संसदेच्या कायद्याने इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, आणि १९८९ च्या १ जुलैला नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. नाशिकच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले यांनी पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचेही कुलगुरुपद सांभाळले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे नाशिकच्या विद्यापीठाचे बोधवाक्य महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. ज्या व्यवस्थेतून ही गंगा घरापर्यंत जाते, तिच्यात विद्यापीठ, विभागीय केंद्र आणि अभ्यासकेंद्र असे तीन टप्पे आहेत. अभ्यासकेंद्र बहुधा एखाद्या चालू महाविद्यालयातच असते, त्याचा कारभार केंद्र संयोजक पाहतो, आणि विद्यार्थ्यांना विषयाचे मार्गदर्शन करणाऱ्या शिक्षकाला संमंत्रक म्हणतात. संमंत्रकाने घ्यायची संपर्कसत्रे सुट्टीच्या दिवशी किंवा कामाच्या वेळेबाहेर ठेवावी लागतात, कारण समोर बसणाऱ्यांत एसटीचा वाहक असतो, अंगणवाडी सेविका असते, पोलीस शिपाई असतो, लग्नामुळे शिक्षण तुटलेली आणि आता मुलाबरोबर अभ्यास करणारी गृहिणी असते. संमंत्रकाला हे ठाऊक असणे पुरेसे नाही. त्याने आपल्या तासाची आखणीच त्यावरून करायला हवी.

संपर्कसत्रांच्या बाबतीत नवख्या संमंत्रकाकडून हमखास होणारी गोष्ट म्हणजे पुस्तकातील पहिल्या प्रकरणापासून शिकवायला सुरुवात करणे. राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात एका श्रेयांकाचा, म्हणजे अभ्यासभार मोजण्याच्या एककाचा, अर्थ विद्यार्थ्याचे ३० तासांचे काम असा धरतात. त्या हिशेबाने सहा श्रेयांकांच्या एका अभ्यासक्रमासाठी १८० तास होतात, आणि संपर्कसत्रांच्या वाट्याला त्यांतले अगदी थोडे येतात. एवढ्या वेळात पुस्तक ‘पूर्ण’ करायला निघालेला शिक्षक धड व्याख्यानही देऊ शकत नाही आणि शंकाही सोडवू शकत नाही. स्वयंअध्ययनासाठी लिहिलेले पुस्तक साध्या क्रमिक पुस्तकाहून निराळे असते. त्यात प्रत्येक घटकाच्या आरंभी उद्दिष्टे दिलेली असतात, मधूनमधून विद्यार्थ्याने थांबून सोडवायचे प्रश्न असतात आणि त्यांची उत्तरे शेवटी असतात, म्हणजे शिक्षकाचा आवाजच त्या पुस्तकात बसवलेला असतो. स्वीडिश अभ्यासक बोर्ये होल्मबर्ग यांनी अशा लेखनाकडे मार्गदर्शक संवाद म्हणून पाहिले. छापील मजकूर विद्यार्थ्याशी बोलत असल्यासारखा लिहिला गेला, तर एकट्याने शिकणाऱ्याला सोबत असल्याची जाणीव होते, असे त्यांचे म्हणणे. संमंत्रकाने हे पुस्तक विद्यार्थ्याच्या आधी, विद्यार्थ्याच्याच पद्धतीने, मधले प्रश्न सोडवीत वाचले पाहिजे; तसे वाचल्यावर कोणत्या पानावर लोक अडखळणार हे त्याला सत्राआधीच कळते.

या क्षेत्रातील सर्वांत उपयोगी सैद्धांतिक कल्पना मायकेल मूर यांची मानावी लागेल. शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यातील खरे अंतर मैलांचे नसून समजुतीचे असते आणि ते तीन गोष्टींवरून ठरते, असे त्यांनी मांडले : दोघांत संवाद किती होतो, अभ्यासक्रमाची बांधणी किती घट्ट आहे आणि विद्यार्थ्याला स्वतःचा अभ्यास स्वतः चालवण्याची किती सवय आहे. बांधणी घट्ट आणि संवाद कमी असेल, तर अंतर वाढते. असे मोठे अंतर ज्याला स्वतंत्र अभ्यासाची सवय आहे तोच पार करू शकतो. यावरून हेही निघते की साठ विद्यार्थ्यांच्या भरलेल्या वर्गात मागच्या बाकावर बसलेला मुलगा शिक्षकापासून फार दूर असू शकतो, आणि रत्नागिरीच्या आडगावातून पंधरा दिवसांनी एक स्वाध्याय पाठवणारी विद्यार्थिनी तिच्या मार्गदर्शकाच्या अगदी जवळ असू शकते. मार्गदर्शकाच्या हाती या तिन्हींपैकी मुख्यतः संवाद असतो. अभ्यासक्रम त्याने रचलेला नसतो आणि विद्यार्थ्याच्या सवयी वर्षानुवर्षांच्या असतात. तेव्हा जे हाती आहे त्यावर त्याने सारी शक्ती लावणे हेच शहाणपणाचे.

हा संवाद कागदावर कसा उतरतो, ते एका उदाहरणावरून पाहणे बरे. वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला घसाऱ्याचे गणित दिले आहे. घसारा म्हणजे वापरामुळे व काळामुळे मालमत्तेच्या किमतीत दरवर्षी होणारी घट. यंत्राची किंमत १,००,००० रुपये, दर १० टक्के, पद्धत घटत्या शिलकीची, म्हणजे दरवर्षी उरलेल्या रकमेवर घसारा काढण्याची. विद्यार्थ्याने पहिल्या वर्षी १०,००० रुपये लिहिले आणि दुसऱ्या व तिसऱ्या वर्षीही १०,०००च लिहिले. लाल शाईने फुली मारून समासात ९,००० आणि ८,१०० लिहून टाकणे सोपे आहे, आणि बहुतेक तपासनीस तेवढेच करतात. पण या विद्यार्थ्याला टक्केवारी येते, खाते मांडता येते. कायम मूळ किमतीवरच घसारा काढण्याची जी दुसरी पद्धत आहे, तिच्याशी त्याने गल्लत केली आहे, एवढाच दोष आहे. फुलीने त्याला हे कळत नाही, फक्त आपले गणित चुकले एवढे कळते. त्याऐवजी समासात असे लिहिता येईल : ‘पहिल्या वर्षाची नोंद आणि खात्याची मांडणी बरोबर आहे. पहिल्या वर्षाअखेर यंत्राची शिल्लक किती उरली ते लिहा. दुसऱ्या वर्षी १० टक्के कोणत्या रकमेवर काढायचे, हे प्रश्नातील पद्धतीचे नाव पुन्हा वाचून ठरवा. तुम्ही वापरलेली रीत दुसऱ्या एका पद्धतीची आहे. ती कोणती, तेही शोधा.’ या चार-पाच ओळींत बरोबर काय आहे ते आधी सांगितले आहे, चूक नेमकी कुठे झाली ते दाखवले आहे, उत्तर मात्र हाती दिलेले नाही, आणि चुकीतूनच पुढचा धडा काढला आहे. असा अभिप्राय लिहायला दोन-तीन मिनिटे लागतात. शंभर स्वाध्यायांचा गठ्ठा समोर असताना ही दोन-तीन मिनिटे कुठून आणायची, हा व्यवसायातला सर्वांत कठीण व्यावहारिक प्रश्न आहे, आणि अनुभवी मार्गदर्शक त्यावर काढतात तो मार्ग असा : वारंवार होणाऱ्या चुकांची वही ठेवायची, प्रत्येकीसाठी एकदा नीट विचार करून अभिप्राय लिहून ठेवायचा, आणि प्रत्येक विद्यार्थ्याला देताना त्यातला पहिला व शेवटचा भाग त्याच्या उत्तराप्रमाणे बदलायचा.

स्वाध्यायाचे दुसरेही एक काम आहे, आणि त्याकडे संस्थांचेसुद्धा दुर्लक्ष होते. दूरशिक्षणातील विद्यार्थी गळतो तो सहसा परीक्षेत नापास होऊन नव्हे. पुस्तकांचे पार्सल येते, पहिले आठ दिवस ती चाळली जातात, मग घरात लग्न निघते, पेरणी येते, कामाची पाळी बदलते, पहिल्या स्वाध्यायाची तारीख टळून जाते आणि ‘आता पुढच्या वर्षी पाहू’ असे म्हणत तो नकळत बाहेर पडतो. त्याने प्रवेश रद्द केलेला नसतो, कोणाला कळवलेले नसते. कागदोपत्री तो विद्यार्थीच असतो. वर्गातल्या शिक्षकाला रिकामा बाक दिसतो, अंतरावरच्या शिक्षकाला तो दिसत नाही, आणि म्हणून न आलेला पहिला स्वाध्याय हीच विद्यार्थ्याची गैरहजेरी मानून त्याने त्याच आठवड्यात फोन करायचा असतो. त्या फोनवर दटावणी नको. कोणते प्रकरण वाचून झाले, कुठे थांबले, येत्या रविवारी कोणत्या एका प्रश्नाचे उत्तर लिहिता येईल, एवढेच विचारायचे. महाजालावर सर्वांसाठी खुल्या असलेल्या विराट अभ्यासक्रमांत नाव नोंदवणाऱ्यांपैकी फार थोडेच ते पूर्ण करतात, ही गोष्ट आता जगजाहीर आहे, आणि तिथली व्याख्याने उत्तमोत्तम प्राध्यापकांची असतानाही असे घडावे, यातून मार्गदर्शकाच्या या फोनचे मोल कळून यावे.

ऑनलाइन शिक्षणाने साधने बदलली आणि कामाचे काही भाग वेगळे झाले. केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ हे व्यासपीठ ९ जुलै २०१७ रोजी सुरू झाले; त्यावरील प्रत्येक अभ्यासक्रम चार भागांत रचलेला असतो : ध्वनिचित्रफितीतील पाठ, वाचनसामग्री, चर्चेची जागा आणि स्वयंमूल्यमापन. पहिले दोन भाग एकदा तयार झाले की वर्षानुवर्षे चालतात. चर्चेची जागा मात्र रोज कोणीतरी जिवंत ठेवावी लागते, आणि नवोदित मार्गदर्शकाला संधी मिळते ती बहुधा तिथेच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या विनियमांनी ऑनलाइन शिक्षणक्रमांत २५० विद्यार्थ्यांच्या प्रत्येक तुकडीमागे एक मार्गदर्शक असावा अशी तरतूद केली. २५० हा आकडा माणसाने माणसाला ओळखण्याच्या दृष्टीने फार मोठा आहे, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. तरीही पद अस्तित्वात आले, त्याला नाव आणि जबाबदारी मिळाली, ही आधीच्या परिस्थितीहून पुढची पायरी आहे. चर्चा चालवण्याच्या कौशल्याविषयी गिली सामन यांनी पाच टप्प्यांची जी मांडणी केली, तिच्यातला मुख्य मुद्दा असा की विद्यार्थी व्यासपीठावर येऊ लागला म्हणजे लगेच विषयावर बोलू लागत नाही. आधी त्याला तिथे वावरण्याची भीड चेपावी लागते, मग माहितीची देवाणघेवाण होते, आणि विचारांची खरी घडण त्यानंतर. मराठी विद्यार्थ्यांच्या बाबतीत त्या भिडेत भाषेचाही भाग असतो. देवनागरीत टंकलेखन जमत नाही, इंग्रजीत लिहायची लाज वाटते, म्हणून गप्प बसणाऱ्याला आवाजी संदेश पाठवण्याची मुभा दिली की तो बोलू लागतो.

साधनांविषयी फार लिहिण्याची गरज नाही. चेहरा धूसर दिसला तरी चालते, पण आवाज तुटला की पाठ संपला, म्हणून कॅमेऱ्याआधी चांगल्या मायक्रोफोनवर खर्च करावा. गणित, हिशेब, रसायनशास्त्र शिकवणाऱ्याने पडद्यावर हाताने लिहिता येईल अशी पाटी घ्यावी. आणि विद्यार्थी हे सारे लहानशा मोबाइलवर, कदाचित मर्यादित डेटावर पाहणार आहे, हे गृहीत धरून अक्षर मोठे व फीत छोटी ठेवावी.

उपजीविकेचा प्रश्न मात्र तपशिलाने पाहावा लागेल, कारण या बाबतीत नवोदितांची निराशा होते. मुक्त विद्यापीठांतील संमंत्रकाला पगार नसतो, मानधन असते. ते सत्रामागे आणि तपासलेल्या स्वाध्यायामागे मोजले जाते, आणि त्यासाठी सामान्यतः त्या विषयातील पदव्युत्तर पदवी लागते. बहुतेक संमंत्रक अन्यत्र नोकरी करणारे अध्यापक असतात ते याचमुळे. केवळ या मानधनावर घर चालवण्याची अपेक्षा ठेवू नये. त्याचे मोल दुसरीकडे आहे. प्रौढ विद्यार्थ्याला शिकवण्याचा अनुभव इतक्या सुरक्षित आणि सुव्यवस्थित रीतीने अन्यत्र क्वचितच मिळतो, आणि हा अनुभव पुढे खासगी शिकवणीत, पाठ्यलेखनात किंवा संस्थांच्या ऑनलाइन विभागांत उपयोगी पडतो. खासगी ऑनलाइन शिकवणीत उत्पन्न अधिक असते, पण अस्थिरताही तितकीच असते. बंगळूरच्या ट्यूटरविस्टा या कंपनीने २००५ पासून भारतातील शिक्षक अमेरिकेतील शाळकरी मुलांशी जोडले आणि दोन देशांच्या वेळांमधल्या फरकातून एक नवा व्यवसाय उभा राहिला. पण दुसऱ्या देशाच्या धोरणावर उभे असलेले काम एका आदेशाने थांबू शकते, हे जुलै २०२१ मध्ये चीनने शालेय विषयांच्या नफ्यावर चालणाऱ्या शिकवण्यांवर निर्बंध आणले आणि परदेशी बसून शिकवणाऱ्यांना मनाई केली तेव्हा साऱ्या जगाने पाहिले. एकाच व्यासपीठावर किंवा एकाच देशातील विद्यार्थ्यांवर सारे उत्पन्न अवलंबून ठेवू नये, हा त्यातला व्यावहारिक बोध. अठरा वर्षांखालील मुलांना शिकवणाऱ्याने हेही ध्यानात ठेवावे की २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक मानली आहे. पाठ ध्वनिमुद्रित करण्यापूर्वी पालकांना लेखी विचारणे ही सवय पहिल्याच विद्यार्थ्यापासून लावून घ्यावी.

शेवटचा प्रश्न स्वाध्यायाच्या विश्वासार्हतेचा आहे, आणि तो दिवसेंदिवस तीव्र होत चालला आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या अनेक शिक्षणक्रमांत अंतिम निकालातील ३० टक्के भार स्वाध्यायांवर असतो. त्यामुळे सोडवलेल्या स्वाध्यायांच्या तयार प्रती बाजारात फार आधीपासून विकल्या जात आहेत, आणि आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने मागाल त्या विषयावर क्षणात उत्तर लिहून देतात. ज्या कागदावर मार्गदर्शक आणि विद्यार्थी यांची भेट व्हायची, तोच कागद परका झाला, तर अभिप्राय कोणाला लिहायचा? अधिक कडक तपासणीने हे सुटणार नाही, कारण शंभर तयार उत्तरांतून एक खरे उत्तर ओळखणे हे काम मार्गदर्शकाचा वेळच खाऊन टाकते. प्रश्नाची रचना बदलणे अधिक फलदायी आहे. सहकाराच्या तत्त्वांवर टीप लिहा, असे विचारण्याऐवजी विद्यार्थ्याने आपल्या गावातील पतसंस्थेचा किंवा दूध संस्थेचा वार्षिक अहवाल मिळवावा, त्यातील राखीव निधीची रक्कम दोन वर्षांत कशी बदलली ते पाहावे आणि संस्थेच्या सचिवाला त्याचे कारण विचारून लिहावे, असे सांगितले की तयार प्रत निरुपयोगी ठरते. त्यापुढे फोनवर किंवा पडद्यावर पाच मिनिटे बोलून त्याच अहवालाविषयी एक-दोन प्रश्न विचारले, तर विद्यार्थ्याला काय कळले आणि काय नाही, हे गुणपत्रिकेपेक्षा अधिक नेमके समजते. असे प्रश्न रचायचे तर मार्गदर्शकाला विद्यार्थ्याचा तालुका, तिथली पिके, बाजार, संस्था आणि तिथल्या लोकांचे व्यवहार यांची माहिती हवी, आणि ती पाठ्यपुस्तकात मिळत नाही. पहिल्या संपर्कसत्रात प्रत्येकाने आपले काम व आपले गाव यांविषयी जे सांगितले असेल, ते नोंदवून ठेवलेल्या वहीतूनच ती काढावी लागते.